लॉबीतला फळा आणि ‘एकमताने’ हा शब्द : सोसायटीच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
तसंच इमारतीतले सगळे सभासद आणि भाडेकरू,
परळ, मुंबई

स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी लॉबीत आपली सूचना वाचली. ‘जुना फळा काढून त्या जागी डिजिटल स्क्रीन बसविण्यात येत आहे. सुविचार व सणांच्या शुभेच्छा यापुढे स्क्रीनवर दाखविण्यात येतील.’ खाली सही, शिक्का. सूचना फळ्याच्याच चौकटीला सेलोटेपने चिकटवली होती, त्यामुळे त्या आठवड्याची ओळ अर्धी झाकली गेली. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. लाकडाला टेप चांगली धरते.

मी नवव्या मजल्यावरचा. तुमच्यातले बरेच जण मला ‘फळेवाले काका’ म्हणूनच ओळखतात. बेस्टमध्ये तेहतीस वर्षं कंडक्टर होतो, २०११ साली रिटायर झालो. या इमारतीत आल्यापासून दर सोमवारी सकाळी साडेसहाला, पाण्याची मोटर सुरू व्हायच्या आत, त्या फळ्यावर एक ओळ लिहितो. दया, माणुसकी, धीर, खरं बोलणं, असल्या विषयांवरची. खडू माझा, पुसायचं फडकं माझं, सोसायटीला आजवर एक पैसा लागलेला नाही. हे हिशेबासाठी सांगितलं, उपकार म्हणून नव्हे.

फळा मात्र माझा नाही. तो आपल्या जुन्या चाळीचा. चाळ पाडली तेव्हा लोकांनी देव्हारे नेले, शिलाई मशीन नेली, एकाने तर दाराची कडी उचकटून नेली. मी फळा नेला. ट्रान्झिट कॅम्पच्या खोलीत तो सात वर्षं पलंगाखाली होता. वरच्या मजल्यांवरच्या नव्या मंडळींना हे ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून लिहितोय. पण कार्यकारी मंडळातले चौघे जण त्याच चाळीतले. त्या फळ्यावर तुमची बारशी, दहावीचे निकाल आणि तुमच्या वडिलांच्या निधनाच्या वार्ता लिहिल्या गेल्यात.

चाळीत तो फळा एक मास्तर लिहायचे. म्युनिसिपल शाळेत शिकवत. दर गणपतीच्या आधी जुन्या सेलमधली काळी पूड भिजवून फळ्याला फासायचे, आणि खडू पाण्यात बुडवून लिहायचे. ओलं असताना अक्षर दिसत नाही. वाळलं की असं उमटतं की दुसऱ्या माळ्याच्या कठड्यावरून वाचावं. मी अजून तसंच लिहितो. आठवड्यातून एकदाच लिहायचं, हा नियमही त्यांचाच. मी विचारलं होतं, रोज का नाही? म्हणाले, रोज बदललं की लोक वाचतात आणि विसरतात. सात दिवस तीच ओळ येता-जाता डोळ्यांसमोर आली की चौथ्या-पाचव्या दिवशी ती टोचायला लागते.

ते रविवारी रात्री लिहायचे, कारण रविवारी गिरण्या बंद. आणि हा रविवार कुठून आला, हेही त्यांनीच सांगितलं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. तेव्हा गिरणीतल्या माणसाला उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. लोखंड्यांनी अर्ज केले, सभा घेतल्या, ‘दीनबंधू’ वर्तमानपत्रात लिहिलं. १८९० साली महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा भरली आणि तिथे दोन गिरणीकामगार बायका उठून बोलल्या. त्या काळात, तेवढ्या पुरुषांसमोर. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. त्या दोघींचा उल्लेख मास्तर नेहमी करायचे. ‘लोखंड्यांना पुढारी म्हणून धीर होता,’ म्हणायचे, ‘त्या बायकांना कोणी सांगितलं होतं उठायला?’ हा प्रश्न तेव्हा माझ्या कानावरून गेला. यंदाच्या सर्वसाधारण सभेनंतर परत आला.

त्याआधी गिरणी संपातली एक गोष्ट. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी. आमच्या घरात वडील आणि थोरला भाऊ दोघंही गिरणीत, चूल पेटत होती ती माझ्या कंडक्टरकीवर. ज्यांच्या घरी असा बाहेरचा एक पगारही नव्हता त्यांचं काय चाललंय हे शेजाऱ्यांना कळायचं, पण बोलणार कोण? भूक लागली तरी चाळकरी हात पसरणार नाही. तीनेक महिने झाले असतील. एका सोमवारी फळ्यावर संतवचन नव्हतं, गांधी नव्हते. मास्तरांनी लिहिलं होतं : ‘ज्यांच्याकडे पीठ जास्त असेल त्यांनी जिन्याखालच्या डब्यात टाकावं. ज्यांना लागेल त्यांनी न्यावं. कोणी बघणार नाही.’

त्याच रात्री जिन्याखालचा बल्ब गायब झाला. कोणी चोरला म्हणून आम्ही पोरांनी आरडाओरड केली. नवा आणून लावला, तोही गेला. मग कळलं, मास्तरच काढून नेत होते. ‘कोणी बघणार नाही’ असं लिहिलं होतं ना.

दयेबद्दल मी वाचलेली सगळ्यांत मोठी ओळ हीच. ती कुठल्याही पुस्तकात नाही.

माझ्या ओळी तशा नव्हत्या, हे आज कबूल करतो. मी लिहिल्या त्या बहुतेक मऊ. ‘दया क्षमा शांती, तेथे देवाची वसती.’ साने गुरुजींचं ‘जगाला प्रेम अर्पावे’. गाडगेबाबांचं ‘भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी’. लोक थांबायचे, फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागायची. मला बरं वाटायचं. कोणाला नाही वाटत? एकदा मोबाईलवर आलेली ओळ गांधीजींच्या नावाने लिहिली, ‘जगात जो बदल पाहायचा आहे, तो स्वतः व्हा.’ सतराव्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी संध्याकाळी खाली आली आणि म्हणाली, ‘काका, गांधी असं कुठेच म्हणालेले नाहीत. १९१३ साली त्यांनी याच्या जवळपासचं लिहिलंय, आपण बदललो तर जगाची वृत्तीही बदलेल, अशा अर्थाचं. ही घोषणा मागाहून कोणीतरी बनवली.’ मी ओळ पुसली आणि तो आठवडा फळा कोरा ठेवला. तेव्हापासून मोबाईलवरून काही उतरवत नाही. तिथे तर कोणाच्याही डोक्यातलं काहीही पुलंच्या नाहीतर वपुंच्या नावावर खपतं.

लॉकडाऊनमध्ये लॉबीत चिटपाखरू नसायचं, तरी लिहायचो. त्यात तीन सोमवार सुविचाराऐवजी नुसती एकेक तारीख आणि नाव लिहिलं होतं. १० जानेवारी १८९७ : शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारी १८९७ : प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना लोखंडे प्लेगने गेले. १० मार्च १८९७ : पुण्यात सावित्रीबाई फुले तशाच गेल्या, प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवल्यावर. तिन्ही एकाच हिवाळ्यातल्या. हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. तारखा एकाखाली एक मांडल्यावर दिसलं. आणि हाफकिन तर आपले शेजारी. आचार्य दोंदे मार्गावरून रोज जातो आपण, त्यांच्या नावाच्या संस्थेच्या भिंतीला लागून. पुढे १९०२ साली पंजाबात लस टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वाताने दगावली, ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसला जायला काही वर्षं गेली. सुई टोचून घेण्यापेक्षा ती वर्षं काढणं जड गेलं असेल, असं मला आपलं वाटतं.

याच रस्त्यावरची माझी एक आठवण सांगतो. नव्वदच्या दशकातली. संध्याकाळची बस, परळहून निघालेली, टाटा हॉस्पिटलच्या स्टॉपवर एक माणूस चढला. जबड्याला बँडेज, त्यातून पाणी झिरपत होतं, वास येत होता. खिडकीशी बसला. त्याच्या शेजारची सीट रिकामी झाली ती झालीच. पाऊणशे माणसं उभी, घामाघूम, एकमेकांच्या पायावर पाय. पण ती एक सीट मोकळी. मी ‘पुढे सरका, पुढे सरका’ ओरडत होतो आणि त्या सीटकडे बघत नव्हतो. हिंदमाताला शाळेच्या गणवेशातली एक मुलगी चढली, आठवी-नववीतली. गर्दीतून वाट काढत गेली, दप्तर मांडीवर घेतलं आणि बसली. नाकाला रुमाल नाही, तोंड फिरवलेलं नाही. वहीत काहीतरी लिहीत होती. त्या माणसाने दोनदा तिच्याकडे बघितलं आणि मग मान भिंतीला टेकून डोळे मिटले. तिकीट फाडताना माझा हात चुकला, तिला हाफ द्यायचं ते फुल दिलं, मग बदलून दिलं.

आणि २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, आमची बस कुर्ल्यात पाण्यात उभी. मुंबई स्पिरिट वगैरे शब्द मला आवडत नाहीत, ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जन्माला येतात. मी पाहिलं ते एवढंच : रात्री अकराच्या सुमाराला छातीभर पाण्यातून एक बाई आली, डोक्यावर पातेलं, पातेल्यात चहा, कमरेला दोरीने बांधलेली प्लास्टिकची पेल्यांची चळत. मागच्या वस्तीतली. तिचं घर बुडालेलं होतं, चूल तिने शेजारणीच्या पोटमाळ्यावर मांडली होती. पन्नासेक लोकांना चहा दिला. कोणीतरी पैसे काढले तर म्हणाली, ‘ठेवा वो, भिजले तुमचे.’ सकाळी बोलता बोलता कळलं, ती कलिन्याला चार घरी धुणंभांडी करायची.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा स्क्रीनचा नाही. स्क्रीनमागचं कारण सगळ्यांना माहीत आहे.

यंदाच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सात असा होता : ‘घरकाम करणाऱ्या महिला, डिलिव्हरी करणारे व इतर कामगार यांनी केवळ सर्व्हिस लिफ्ट वापरावी.’ कारणं तीन सांगितली गेली. सकाळची गर्दी, सुरक्षितता आणि ‘नव्या फ्लॅटधारकांची अपेक्षा’. गर्दीचं म्हणाल तर आठ ते दहा या वेळात लिफ्टला वाट पाहावी लागते, खरं आहे. उभा जन्म गर्दीत गेलाय माझा, गर्दी मला शिकवू नका. रांग लावली की ती सुटते, आणि रांगेत माणसाचा धंदा विचारत नाहीत. सुरक्षिततेचं म्हणाल तर ज्या बाईच्या हातात आपण घराची किल्ली देऊन ऑफिसला जातो, तिच्याबरोबर नऊ मजले लिफ्टमध्ये उभं राहायला कसली भीती? आणि अपेक्षेबद्दल मी वरच्या मजल्यांवरच्यांना दोष देणार नाही. सूचक खालच्या मजल्यावरचे होते आणि अनुमोदकही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतले. आपल्यापैकी अर्ध्या जणांच्या आया गिरण्यांत नाहीतर कोणाच्या तरी घरी राबल्या. ज्यांच्या घरी राबल्या त्यांच्याकडे मागचा जिना वेगळा होता, हे माझी आई सांगायची.

सर्व्हिस लिफ्ट दुपारी अकरा ते चार बंद असते. बाकीच्या वेळी तिच्यातून कचऱ्याचे डबे आणि दुरुस्तीच्या सिमेंटच्या गोण्या जातात.

मी त्या सभेत होतो. तिसऱ्या रांगेत, भिंतीकडची प्लास्टिकची खुर्ची. ठराव वाचला गेला. मला तो चुकीचा वाटला. पोटात गोळा आला म्हणतात तसं झालं. कोणाचा विरोध आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. रीतीप्रमाणे दोन सेकंद थांबले. त्या दोन सेकंदांत मी काय विचार केला ते मला स्वच्छ आठवतं : शेजाऱ्यांशी वाकडं कशाला, पार्किंगचा अर्ज पडलाय, आणि मी एकट्याने हात वर करून होणार काय. हात गुडघ्यावरच राहिला. पुढचा विषय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा होता, त्यावर मात्र पाऊण तास भांडलो. मीसुद्धा.

मग कच्चं इतिवृत्त घरोघर आलं. ‘विषय क्र. ७ : ठराव एकमताने मंजूर.’ या ‘एकमताने’त मी आहे. तेहतीस वर्षं लोकांना सुट्टे पैसे मोजून दिले, एका नाण्याची चूक झाली तर रात्री झोप लागायची नाही. आणि इथे माझं अख्खं मत चुकीच्या खात्यावर जमा झालंय.

त्यानंतरच्या सोमवारी मी लिहिलं, ‘जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले.’ नेहमीचं, सवयीचं. लिहीत होतो तेव्हा आमच्याकडे आणि चौदाव्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशी आल्या. साताऱ्याकडच्या, पन्नाशीच्या पुढच्या, दोन्ही गुडघे गेलेले. सर्व्हिस लिफ्ट त्या दिवशी बिघडलेली. जिन्याच्या दाराशी जरा टेकल्या आणि म्हणाल्या, ‘काका, काय लिवलंय आज?’ त्यांना अक्षरओळख आहे पण बोट ठेवून वाचतात. ‘जे… का… रं…’ एवढं लावलं आणि पुढचं फळ्याकडे न बघताच म्हणायला लागल्या. भजनातला आवाज. ‘तोचि साधु ओळखावा, देव तेथेचि जाणावा.’ मला वाटलं तिथे थांबतील, आपण सगळे तिथेच थांबतो. पण त्यांना अख्खा अभंग पाठ. ‘ज्यासि अपंगिता नाही, त्यासि धरी जो हृदयी.’ आणि मग, ‘दया करणे जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी.’

पदर खोचला, कठड्याला हात घातला आणि जिना चढायला लागल्या. मी खडू हातात घेऊन उभा. सहाव्या मजल्यावर त्या बसतात थोडा वेळ, तिथल्या शूरॅकवर. त्या शूरॅकवर बसू नये, अशी तक्रार गेल्या महिन्यात सोसायटीकडे आलीय, हे मला वॉचमनकडून कळलं.

पोराला लावायची तीच माया कामाच्या माणसाला. चारशे वर्षांपूर्वी देहूच्या वाण्याने लिहून ठेवलंय, साताऱ्याच्या बाईला पाठ आहे, आणि मी इतकी वर्षं पहिली ओळ लिहून उरलेला अभंग घरी ठेवत होतो.

त्या आठवड्यात गाथा काढून बसलो. तुकोबांची दयेची व्याख्या शोधायला गेलात तर ती अशी सापडते : ‘दया तिचे नाव भूतांचे पाळण, आणिक निर्दाळण कंटकांचे.’ पहिल्या अर्ध्यात सांभाळणं, दुसऱ्या अर्ध्यात काटे मोडणं, आणि दोन्हीला मिळून नाव एकच, दया. आपण दुसरा अर्धा गाळून टाकलाय. उरतं ते वाईट वाटणं. मावशींबद्दल मला वाईट वाटतच होतं की. सभेतही वाटत होतं, खुर्चीत बसून.

म्हणून पुढच्या सोमवारी मी तुकोबांचीच एक वेगळी ओळ लिहिली, जी तुम्हाला झोंबली. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.’ कोणाचं नाव नाही, विषय क्रमांक सातचा उल्लेख नाही. मंगळवारी दुपारी कोणीतरी ओल्या फडक्याने पुसली. मी बुधवारी परत लिहिली. गुरुवारी तुमची सूचना आली. अकरा वर्षं दया, क्षमा, शांती भिंतीवर होती तेव्हा फळा जुनाट वाटला नाही. एका ओळीने तो रातोरात ‘इमारतीच्या दर्जाला न शोभणारा’ झाला. (हे शब्द ग्रुपवरचे आहेत, सूचनेतले नाहीत. पण ग्रुपवर तुमच्यापैकी तिघांनी अंगठा दिलाय.)

खजिनदारसाहेब, तुम्ही मला लिफ्टमध्ये म्हणालात, काका, सुविचार लिहा ना, राजकारण कशाला? तुमचा राग नाही, तुम्ही तोंडावर बोललात. पण एक सांगा. तुम्ही दर मंगळवारी चालत सिद्धिविनायकाला जाता. ज्या रस्त्याने जाता त्याचं नाव एस. के. बोले मार्ग. हे सीताराम केशव बोले आपल्याच मुंबईचे. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी ठराव मांडला की सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. दुसऱ्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, तेही ठरावानेच. आणि प्रत्यक्षात? तीन वर्षं कोणाची ओंजळ भरली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. बाबासाहेब तेव्हा राहायचे कुठे? इथेच, परळच्या बीआयटी चाळीत. म्हणजे दार उघडायचा ठराव शंभर वर्षांपूर्वी झाला आणि तो पाळायला निघालेला माणूस आपल्या गल्लीतून निघाला. आपण त्याच परळमध्ये बसून लिफ्टच्या दारावर ठराव करतोय. दोन्ही ठरावच. एकाच्या नावाचा रस्ता झाला.

मी काही आगरकर नाही, हे मला कळतं. ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’ म्हणणाऱ्या त्या माणसाने जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली. माझ्यावर बेतलंय काय, तर पार्किंगचा अर्ज आणि एका फळ्याची जागा. त्यामुळे फार आव आणत नाही. माझ्या मागण्या लिहितो, त्या या पत्रापुरत्या.

इतिवृत्ताच्या खाली छापलंय की हरकती लेखी कळवाव्यात. ही माझी लेखी हरकत समजावी. विषय क्रमांक सातपुढचा ‘एकमताने’ हा शब्द खोडून तिथे ‘बहुमताने, एक विरोधी’ असं लिहावं आणि माझा फ्लॅट क्रमांक नोंदवावा. सभेत मी विरोध केला नव्हता, उशिरा करतोय, हेही हवं तर कंसात लिहा, मला लाज नाही. आणखी कोणाचा हात त्या दिवशी गुडघ्यावर राहिला असेल तर त्यांनी आपापलं पत्र द्यावं. तळमजल्यावरच्या वहिनी आणि सतराव्या मजल्यावरची ती मुलगी मला भेटून गेल्यात. आकडा मी लिहीत नाही, ज्याचं त्याने सांगावं.

हा विषय विशेष सर्वसाधारण सभा बोलावून परत घ्यावा. आणि त्या सभेला घरकाम करणाऱ्या चार बायकांना बोलवावं. मत द्यायला नाही, त्यांचा तो अधिकार नाही हे मला माहीत आहे; नुसतं बोलायला. महालक्ष्मीच्या मैदानावर १८९० साली दोघींना बोलू दिलं होतं, आपल्या गच्चीवर एवढी जागा निघेल.

ठराव फिरेपर्यंत मी सर्व्हिस लिफ्टनेच जाणार-येणार आहे. ती बंद असेल तेव्हा जिन्याने. गेले चार दिवस तेच करतोय. सिमेंटच्या गोणीशेजारी उभं राहायची सवय होते, वासाची अजून झालेली नाही. काल कुरिअरचा मुलगा मला म्हणाला, ‘अंकल, आपका लिफ्ट उधर है.’

राहिला फळा. स्क्रीन लावायची तर लावा, तिच्यावर पाण्याच्या वेळा आणि मेंटेनन्सची तारीख चांगली दिसेल. फळा भिंतीवरून उतरवला तर मला कळवा, भंगारवाल्याला देऊ नका. मी तो जिन्याच्या सहाव्या मजल्यावरच्या कोपऱ्यात टांगीन. तिथे तो वाचायला थांबणारी माणसं आहेत, आणि त्यांच्यासाठी मी घरातली एक खुर्ची खाली नेऊन ठेवतोय. खुर्चीला सोसायटीची परवानगी लागत असेल तर हा त्याचाही अर्ज समजावा.

येत्या सोमवारची ओळ ठरलेली आहे. ‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास, कठिण वज्रास भेदू ऐसे.’ मोठी आहे, दोन ओळींत बसवावी लागेल.

कळावे,
आपला,
नवव्या मजल्यावरचा एक सभासद

ता. क. : फळ्याखालचं पुसायचं फडकं मंगळवारपासून सापडत नाही. ज्यांनी नेलं असेल त्यांनी वॉचमनकडे द्यावं. सध्या जुन्या खाकी शर्टाच्या बाहीने काम भागवतोय.